घरच्या शेवयांचे कोरियन नूडल्स

पोरी मोबाइलवर कोरियन मालिका बघतात आणि मग दुकानातलं लालभडक नूडल्सचं पाकीट मागतात, हे नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत आता नवं राहिलेलं नाही. नुसतं नको म्हणून कोण ऐकतंय? म्हणून आज आम्ही तोच प्रकार घरच्या शेवयांचा कसा करायचा ते सांगणार आहोत.

कोरियात गव्हाच्या बारीक नूडल्स असतात, त्यांना सोम्यॉन म्हणतात. आपल्या शेवयांच्या बहिणीच म्हणा. त्या उकडून, गार पाण्यात धुऊन, तिखट-आंबट-गोड मसाल्यात हाताने कालवल्या की झालं बिबिम गुक्सू. नावाचा अर्थही कालवलेल्या नूडल्स असाच आहे.

त्यांचा तो लाल मसाला म्हणजे गोचुजांग. मिरची, चिकट तांदूळ, मीठ आणि आंबवलेलं सोयाबीन मातीच्या रांजणात महिनोन् महिने मुरवतात. सोयाबीन आपल्याच रानातलं पीक, पण पोतं भरलं की सरळ अडतीवर जातं. घरात पसाभरही राहत नाही. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये 36 ते 40 ग्रॅम प्रथिनं असतात, तुरीच्या डाळीत बावीसच्या आसपास. म्हणून यात आपण सोयाबीनची वडी घालू.

चार जणांसाठी पावशेर शेवया घ्या. वाटीभर वड्या गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून घट्ट पिळा, मोठ्या असतील तर चिरा आणि करडीच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलात खरपूस परता. सहा ब्याडगी मिरच्या गरम पाण्यात भिजवून आठ लसूण पाकळ्या, दोन चमचे गूळ आणि दोन चमचे भाजलेले तीळ घालून वाटा. ब्याडगीच घ्या, कारण कोरियन मिरचीही रंगाला गडद आणि तिखटाला बेताची असते. वाटण चमचाभर तेलात मिनिटभर परता, खाली उतरवून लिंबू पिळा.

आता शेवया. इथेच पदार्थ बिघडतो. भरपूर उकळत्या पाण्यात सोडा आणि समोरून हलू नका. घरच्या शेवयांना दोन-तीन मिनिटं लागतात, बाजारच्या भाजलेल्या बारीक शेवयांना मिनिटभर पुरे. एक धागा चावून बघा, मधे किंचित कडक लागला की लगेच चाळणीत ओता आणि गार पाण्यात हलक्या हाताने चोळा. वरचा चिकटपणा गेला नाही तर लगदा होतो. हे पाणी फेकू नका. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या बायांना हे वेगळं सांगायला नको! उकळलेलं पाणी आमटीत जिरतं, धुतलेलं गुरांना चालतं.

परातीत शेवया, वाटण, वड्या, काकडी-गाजराचे लांब काप एकत्र कालवा आणि लगेच वाढा. मीठ चार जणांत मिळून एक सपाट लहान चमचा, त्याहून जास्त नाही. शेवयांच्या पिठात आधीच घातलं असेल तर आणखी कमी.

मिठाचं एवढं का, तर पाकीट उलटून बघा. मागे सोडियमचा आकडा असतो. 400 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे साधारण 1 ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. आकडा शंभर ग्रॅमचा आहे की अख्ख्या पाकिटाचा, हेही वाचा; तिथेच फसगत होते. घरात शाकाहार असेल तर हिरवी खूण बघा, कारण काही मसाल्यांत कोंबडीचा अंश असतो.

तिखटाचं म्हणाल तर जून 2024 मध्ये डेन्मार्कने अशा कोरियन नूडल्सचे तीन प्रकार अति तिखट म्हणून दुकानांतून काढायला लावले होते. पुढच्या महिन्यात त्यातले दोन परत आले. तेव्हा लहान लेकरांसाठी कालवताना वाटण अर्धंच घाला, वरून दाण्याचं कूट घाला. उरलेलं वाटण मोठ्यांच्या ताटात खपतंच.