मराठीत विचारलं आणि बाजूला उभं राहावं लागलं

डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही उभयता दोन नातवंडांना घेऊन मुंबईला निघालो होतो. सप्टेंबर २०२० मध्ये इस्रायल आणि अमिरातीचा करार झाला, त्याच वर्षी नोव्हेंबरात तेल अवीव ते दुबई विमानं सुरू झाली. म्हटलं, वाटेत दोन दिवस दुबई मुलांना दाखवू या.

दुबई आपल्याला तशी परकी नाही. १९६६ पर्यंत तिथल्या बाजारात रुपयाच चालायचा. आजही अमिरातीतल्या दर तीन माणसांत साधारण एक भारतीय असतो. टॅक्सीवाल्याशी हिंदीत, भाजीवाल्याशी मराठीत बोलून आमचं काम झालं. मुलं तर चकितच झाली!

दुसऱ्या दिवशी एका मोठ्या प्रेक्षणीय ठिकाणी तिकिटाच्या रांगेत उभे राहिलो. खिडकीवरच्या तरुणाच्या छातीवरील पट्टीवर आपल्या कोकणातलं आडनाव. आम्हाला आनंद झाला. विचारलं, "बाळा, म्हाताऱ्या माणसांना तिकिटात काही सवलत आहे का रे?" त्याचा चेहराच बदलला. "इंग्लिश प्लीज," म्हणाला, आणि हातानं बाजूला व्हायची खूण करून मागच्या गोऱ्या जोडप्याला पुढे बोलावलं.

आम्ही बाजूला उभे. मग बारा वर्षांचा आमचा नातू पुढे झाला आणि शाळेतल्या इंग्रजीत त्यानं तोच प्रश्न विचारला. लगेच "येस सर!" पासपोर्ट पाहून तर हसूही आलं. माणसं तीच, पैसे तेच. बदलली फक्त भाषा.

तिकिटं घेताना आम्ही हळूच विचारलं, "गावाला आईवडील बरे आहेत ना?" त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "हो, आजी. इथं इंग्रजीतच बोलायचा हुकूम आहे. साहेब बघत असतात."

असेल हुकूम. पोटासाठी परदेशात राहणाऱ्या पोराला आम्ही काय बोलणार? पण म्हाताऱ्यांना रांगेबाहेर काढायचा हुकूम तर कुणी दिला नव्हता ना?

बाहेर आल्यावर नातीनं विचारलं, "साव्ता, त्याला मराठी येत होतं, मग तो लाजला का?" आम्हाला चटकन उत्तर देता येईना. कारण बेरशेबाची बस आठवली. १९६० नंतरची गोष्ट. आई बसमध्ये मोठ्यानं मराठी बोलायची आणि आम्ही तिला दटावायचो, "आई, हळू बोल, लोक बघतात." बिचारी उतरेपर्यंत गप्प बसायची. तिलाही आम्ही बाजूलाच उभं केलं होतं की!

हे मुंबईतही घडतं. ऑक्टोबर २०२० मध्ये कुलाब्याच्या एका सराफानं मराठीत बोलायला नकार दिला, म्हणून वृद्ध लेखिका शोभा देशपांडे रात्रभर दुकानासमोर फुटपाथवर बसून राहिल्या. शेवटी दुकानदारानं माफी मागितली.

आणि अमिरातीतही दुसरी बाजू आहे. अबू धाबीच्या न्यायखात्यानं फेब्रुवारी २०१९ मध्ये अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला हिंदी ही कोर्टाची तिसरी भाषा केली. हेतू हा की मजुराला पगाराची तक्रार करताना आपला हक्क आपल्याला कळेल अशा भाषेत समजावा. सरकारला जे समजलं, ते खिडकीवरच्या आपल्याच माणसाला समजू नये?

मुलांनो, कामाच्या ठिकाणी जी भाषा लागते ती जरूर शिका. हिब्रू शिका, इंग्रजी शिका. पण समोरचं म्हातारं माणूस तुमच्या साव्ताच्या भाषेत काही विचारू लागलं, तर त्याला बाजूला करू नका. येत असेल तर त्याच भाषेत दोन शब्द बोला. येत नसेल तर निदान त्याचा रांगेतला नंबर त्याला द्या.

मुंबईला पोचल्यावर नातवानं रिक्षावाल्याला विचारलं, "भाऊ, किती झाले?" उच्चार हिब्रू वळणाचा होता, पण आम्ही त्याला हळू बोल असं सांगितलं नाही.