२,०४६ पूर्वज, दहा नावं

२०२४ साली जन्मलेलं एखादं बाळ घेऊ. त्याचे आईवडील दोन, आजीआजोबा चार, पणजीपणजोबा आठ. इथपर्यंतची नावं घरातली जाणती माणसं सांगतात, थोडी अडखळत का होईना. पुढे दर पिढीला आकडा दुप्पट होत जातो. पिढीला सरासरी पंचवीस वर्षं धरली, तर दहाव्या पिढीला आपण १७७४ सालात पोचतो. पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला, ते हे वर्ष. त्या एका पिढीत आपल्या बाळाचे पूर्वज भरतात १,०२४. आईवडिलांपासून तिथपर्यंतच्या सगळ्यांची बेरीज होते २,०४६.

आता एखाद्या घरातली दहा पिढ्यांची वंशावळ काढून बघा. बाप, आजा, पणजा, खापरपणजा असं करत सरळ वर चढलं की नावं मिळतात दहा. २,०४६ पैकी दहा, म्हणजे अर्धा टक्कासुद्धा नाही. आजूबाजूला चुलत्यांच्या शाखा कितीही पसरलेल्या असोत, बाळाच्या थेट पूर्वजांतले उरलेले २,०३६ जण त्या कागदावर नसतात. आणि त्यांतला एक जरी वगळला असता, तरी हे बाळ जन्माला आलं नसतं.

आणखी वर जाऊ. विसाव्या पिढीत १०,४८,५७६ पूर्वज. तिसाव्या पिढीत १,०७,३७,४१,८२४, म्हणजे १०७ कोटींच्या वर. साडेसातशे वर्षांमागचा, साधारण ज्ञानेश्वर जन्मले तो काळ. पण तेव्हा अख्ख्या जगाची लोकसंख्या चाळीस कोटींच्या आसपास होती असा अंदाज आहे. मग एका बाळाचे १०७ कोटी पूर्वज राहत होते कुठे?

गणित बरोबरच आहे. जागा १०७ कोटी आहेत, पण माणसं तितकी नाहीत. एकच माणूस अनेक जागांवर बसलेला असतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल महाराष्ट्रातल्या कितीतरी समाजांत आहे. अशा जोडप्याच्या मुलाला पणजीपणजोबा आठ नसतात, सहाच असतात, कारण दोघं जण आईकडूनही येतात आणि वडिलांकडूनही. चार-पाच कोसांच्या आतच सोयरीक जुळायची त्या काळात हे दर काही पिढ्यांनी होत राहिलं. रोहडी, ओल्सन आणि चँग या तिघांनी २००४ साली ‘नेचर’मध्ये संगणकी प्रतिमानांच्या आधारे मांडलं, की आज जिवंत असलेल्या सगळ्या माणसांचा एक सामाईक पूर्वज अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेला असावा.

हा पसारा कागदावर उतरवायचा म्हटलं तर? एका नावाला एक सेंटिमीटर जागा दिली, तर विसाव्या पिढीची ओळ साडेदहा किलोमीटर लांब होईल. चर्चगेटला सुरुवात केली तर दादर मागे पडेल. तिसाव्या पिढीची ओळ १०,७३७ किलोमीटर. चाळिसावीची एक कोटी दहा लाख किलोमीटर, म्हणजे चंद्रापर्यंतच्या अंतराच्या साडेअठ्ठावीसपट. नावं टाइप करायची म्हटली आणि एका नावाला एक मिनिट धरलं, तर फक्त तिसाव्या पिढीलाच २,०४१ वर्षं लागतील, तीही न झोपता.

गंमत अशी, की संगणकाच्या दृष्टीने हे ओझं फार मोठं नाही. प्रत्येक नोंदीला अर्धा किलोबाइट दिला, तर १०७ कोटी नोंदींना सव्वापाचशे-साडेपाचशे गिगाबाइट पुरतात. एवढं सगळं खिशात मावणाऱ्या एका हार्ड डिस्कवर बसतं.

या पसाऱ्यात हरवू नये म्हणून नंबर देण्याची एक पद्धत आहे, आणि ती संगणकापेक्षा फार जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या मिखाएल आयत्सिंगरने ती १५९० साली वापरली. स्वतःला १ नंबर द्यायचा. कोणाच्याही नंबरची दुप्पट केली की त्याचे वडील, दुप्पट अधिक एक केली की आई. म्हणजे वडील २, आई ३. वडिलांचे वडील ४, वडिलांची आई ५. आईचे वडील ६, आईची आई ७. तिचे वडील १४. समजा, कोणी नुसतं ‘१४’ म्हटलं, तर निम्मे करत मागे यायचं: १४ वरून ७, सातावरून ३, तिनावरून १. आईच्या आईचे वडील. नाव ठाऊक नसलं तरी पत्ता पक्का. संगणकात माहितीची उतरंड रचताना प्रोग्रामर आजही हेच दुप्पट आणि दुप्पट अधिक एकचं सूत्र वापरतात.

या नंबरांतून आपल्या वंशावळींकडे पाहिलं, तर त्या २, ४, ८, १६ अशा उड्या मारत थेट १,०२४ ला जाऊन टेकतात. स्वतःचा १ सोडला, तर विषम नंबर सगळे बायकांचे. ते सगळे कोरे.

कुटुंबाच्या इतिहासासाठी बनवलेली सॉफ्टवेअरं, मग ती ग्रॅम्प्ससारखी फुकटची असोत की विकतची, एक शिस्त कटाक्षाने पाळतात: माणूस एकदाच लिहायचा. तो वंशात पाच ठिकाणी येत असेल, तर पाच धागे जोडायचे, पाच नोंदी करायच्या नाहीत. एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्यात नेता यावी म्हणून १९८४ साली ‘जेडकॉम’ नावाचा आराखडा आला, तो आजही चालतो. त्यातली फाइल अगदी साधी असते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला पायरीचा आकडा. शून्यावर व्यक्ती. एकवर ‘जन्म’. त्याखाली दोनवर तारीख, १८ एप्रिल १७७४, आणि पुन्हा दोनवर ठिकाण, पुरंदर. नवराबायको आणि मुलं यांचा ‘कुटुंब’ म्हणून वेगळा गट, आणि माणसं त्या गटाला नंबराने बांधलेली. २०२१ च्या आवृत्तीत युनिकोडची यूटीएफ-८ पद्धत सक्तीची झाली, त्यामुळे आता देवनागरी नावांची वाट लागत नाही. अडचण येते ती कालगणनेची. या आराखड्याच्या जुन्या आवृत्त्यांना ग्रेगरियन, ज्युलियन, हिब्रू, अगदी फ्रेंच राज्यक्रांतीचं पंचांगही कळतं, शालिवाहन शक मात्र कळत नाही. शके १६९६ चं १७७४ आपणच करून द्यायचं. आणि मोडी कागदावर ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असं दिसलं, तर आधी त्याचे चार, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे सुहूर सन ११७४ करायचं, मग त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे.

नोंदी साठवण्याचा विक्रम अमेरिकेतल्या युटा राज्यात झाला. तिथल्या मॉर्मन पंथीयांची श्रद्धा अशी, की मृत पूर्वजांसाठीही धर्मसंस्कार करता येतात. त्यासाठी नाव-गाव नेमकं माहीत हवं, म्हणून पूर्वज शोधणं हे त्यांचं धर्मकर्तव्य. १८९४ साली त्यांनी वंशशास्त्राची संस्था काढली, १९३८ पासून जगभरच्या चर्चच्या आणि सरकारी वह्यांचं मायक्रोफिल्मवर चित्रण सुरू केलं, आणि सॉल्ट लेक सिटीजवळ ग्रॅनाइटचा डोंगर पोखरून १९६५ साली त्या फिल्मसाठी तिजोरी बांधून पुरी केली. तिथे फिल्मची सुमारे २४ लाख रिळं जमली. रोज एक पाहायचं म्हटलं, तर साडेसहा हजार वर्षं लागतील. २०२१ पर्यंत त्यांचं डिजिटल रूपांतर पुरं झालं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्याही याच संस्थेने चित्रित केल्या. ‘फॅमिलीसर्च’ या तिच्या संकेतस्थळावरच्या सामाईक वंशवृक्षात आज शंभर कोटींहून अधिक नावं आहेत.

नावं आली, की खरी परीक्षा सुरू होते: हा माधवराव आणि तो माधवराव एकच का? एक हजार नोंदींत प्रत्येकीची प्रत्येकीशी तुलना करायची म्हटलं, तर ४,९९,५०० जोड्या होतात. एक कोटी नोंदींच्या जोड्या होतात सुमारे पन्नास लाख कोटी. सेकंदाला दहा लाख जोड्या तपासणाऱ्या यंत्रालाही त्याला एकोणीस महिने लागतील. म्हणून आधी सारख्या वाटणाऱ्या नावांचे ढीग लावतात आणि तुलना ढिगाच्या आतच करतात.

असे ढीग लावण्याची ‘साउंडेक्स’ ही रीत अमेरिकेत १९१८ साली पेटंट झाली. इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर ठेवायचं, स्वर गाळायचे आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, तेही तीनच. ‘ल’ला चार, ‘क’ला दोन, ‘र’ला सहा. आता कुलकर्णी घाला: के-४२६. केळकर घाला: के-४२६. कोल्हेकर? तेही के-४२६. पाटील, पटेल आणि पाटोळे या तिघांचा मिळून एकच पी-३४०. त्यातून कुलकर्णी, पाटील, देशमुख ही वतनाची आडनावं. गावोगावचे पाटील एकमेकांचे कोणी लागतातच असं नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. यंत्राला ते कोणी सांगितलेलं नसतं. ते बिचारं ‘तुमचे संभाव्य नातेवाईक सापडले’ असं कळवून मोकळं होतं.

आडनाव खरंच एक असलं, तरी आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याची आपली चाल आहे. पेशव्यांच्याच घरात बघा. बाळाजीचा बाजीराव, बाजीरावाचा पुन्हा बाळाजी. पुढे थोरले माधवराव आणि सवाई माधवराव, काका-पुतणे. दोघंही पेशवे, दोघांचं घर पुण्यात, दोघंही ऐन तारुण्यात गेले, एक सत्तावीस वर्षांचा, दुसरा एकवीस वर्षांचा. थोरले १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले आणि दीडच वर्षाने सवाई जन्मले. नाव, घराणं आणि पद एवढ्यावर दोघांना एक करून टाकलं, तर नारायणराव एकाच माणसाचा भाऊही होतो आणि बापही. चांगलं सॉफ्टवेअर अशा ठिकाणी तांबडा इशारा दाखवतं. फरक करायला मात्र बापाचं नाव लागतं, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे आईचं: एकाची आई गोपिकाबाई, दुसऱ्याची गंगाबाई.

अशा चुका गाळून किती मोठं जाळं उभं राहू शकतं, हे २०१८ साली ‘सायन्स’मध्ये आलं. यानिव्ह एर्लिख आणि सहकाऱ्यांनी ‘जेनी’ या संकेतस्थळावरच्या ८ कोटी ६० लाख नोंदी गाळून-तपासून घेतल्या. त्यातून एकमेकांशी जोडलेला, एक कोटी तीस लाख माणसांचा एकच वंशवृक्ष निघाला, सरासरी अकरा पिढ्यांचा. त्यातली माणसं मुख्यतः युरोप-अमेरिकेतली. १७५० च्या आधी त्यांतले बहुतेक जण जन्मगावापासून साधारण दहा किलोमीटरच्या आतला जोडीदार करत. १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांत ते अंतर शंभर किलोमीटर झालं होतं.

आपल्याकडेही नोंदींची वाण नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, कोट्यवधींच्या संख्येने. महसूल कार्यालयांत जुना गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचं कोतवाल बुक. शाळांत जनरल रजिस्टर. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडे गाव आणि आडनावावरून लावलेल्या नामावळ्या. या ढिगाचा आकार महाराष्ट्राला दिसला तो २०२३ मध्ये. राज्य सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी कोट्यवधी जुने अभिलेख तपासायला लावले आणि सुमारे ५४ लाख नोंदी सापडल्याचं सरकारने सांगितलं. त्या स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. पण पणजोबांची नोंद सापडणं आणि ते आपलेच पणजोबा हे सिद्ध करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या तीन-चार कड्या कागदाने जोडाव्या लागतात, आणि लोक अडतात ते तिथे. यंत्राने लाखो पानं उलटून दिली, तरी ‘गणू वल्द रामा’ नेमका कोणाचा, हे घरच्यालाच सांगावं लागतं.

या जाळ्याची दुसरी बाजूही आकड्यांतच दिसते. ‘ट्वेंटी-थ्री-अँड-मी’ या डीएनए तपासणाऱ्या कंपनीची सुमारे १४,००० खाती २०२३ मध्ये चोरट्यांच्या हाती लागली. नातेवाईक शोधण्याच्या सोयीमुळे त्यांना त्यातून तब्बल ६९ लाख माणसांची माहिती दिसली. एका खात्यामागे जवळपास पाचशे जण. तुम्ही वंशावळ जाहीर करता तेव्हा त्यात जाऊबाईंची जन्मतारीखही जाते आणि भाच्याचा पत्ताही. जिवंत माणसांची माहिती झाकून ठेवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरांत असते. ती चालू आहे ना, एवढं आधी बघावं.

आणि मग नंबर ७ पासून सुरुवात करावी. नंबर ७ म्हणजे आईची आई. लग्नात तिचं आडनाव बदललं, बऱ्याच घरांत पाळण्यातलं नावही बदललं, आणि कागदावर उरली ती अमक्याची बायको म्हणून. तिचं माहेर कोणतं, हे कोणाला ठाऊक नसेल, तर दहा पिढ्यांच्या २,०४६ जागांपैकी तिच्या वरच्या ५१० जागा कायमच्या बंद होतात. त्यातल्या २५६ एकट्या दहाव्या पिढीतल्या. एका आडनावाअभावी वंशाचा पाव हिस्सा गेला. नंबर ५ ची, म्हणजे वडिलांच्या आईची, गतही तीच. दोन्ही माहेरं विसरली, तर निम्मा वंश गेला. शंभर कोटी नावांच्या संकेतस्थळावर ही दोन आडनावं असतीलच असं नाही. घरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला मात्र ती आज तोंडपाठ असतात.