मुरुडचा राजवाडा आणि दोघी बहिणींची लेखणी

नंदुरबारकरांना समुद्र तसा परकाच. आपली तापी सुरतेपुढे त्याला जाऊन मिळते, एवढीच ओळख. या हिवाळी सुट्टीत आम्ही मुलाबाळांसह सुरतमार्गे मुंबई गाठली आणि अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरुडला पोहोचलो. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, म्हणून हाच मोसम बरा.

जंजिरा किल्ला सगळेच पाहतात. आम्हाला ओढ होती ती मुरुडजवळ समुद्राकाठच्या उंचवट्यावर उभ्या असलेल्या नवाबांच्या राजवाड्याची. सिद्दी नवाब अहमद खान यांच्या काळात, १८८५ साली हा अहमदगंज राजवाडा बांधला गेला. मोगली घुमट आणि युरोपीय धाटणी इथे एकत्र नांदतात. वास्तू खासगी मालकीची असल्याने ती बाहेरूनच पाहावी लागते.

पण या घराची खरी दौलत भिंतींत नाही. नवाबांच्या बेगम नाझली रफिया या मुंबईच्या फैझी घराण्यातल्या. इल्म आणि कलेची त्यांना मोठी कदर. मौलाना शिबली नोमानींसारखे विद्वान जंजिऱ्याचे पाहुणे झाले. १९०८ मध्ये बेगम साहिबा नवाबांबरोबर युरोपला गेल्या आणि त्यांनी त्या सफरीचे वर्णन उर्दूत लिहिले.

त्यांची धाकटी बहीण अतिया १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षिकेचे प्रशिक्षण घेण्यासाठी लंडनला गेली. अभ्यासक्रम पुरा झाला नाही, रोजनिशी मात्र होत राहिली. ती बहिणींना पाठवलेल्या पत्रांतून लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वां’ या स्त्रियांच्या साप्ताहिकात छापून आली. म्हणजे घराघरांतल्या बहिणींनी अतियाच्या डोळ्यांनी लंडन पाहिले! १९१२ मध्ये अतियाचा निकाह पुण्यात जन्मलेले चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी झाला. ते मूळचे बेने इस्रायली. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी ‘फैझी-रहमीन’ हे जोडनाव घेतले. अतियाने भारतीय संगीतावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले.

पुढे नाझली बेगम आणि नवाब विभक्त झाले. राजवाडा बेगमांचा राहिला नाही. १९४८ मध्ये संस्थानही भारतात विलीन झाले. लिहिलेले मात्र दोघी बहिणींचेच राहिले. आज संशोधक ते शोधून वाचतात, त्याची भाषांतरे करतात.

आमच्या मुलीने विचारले, “अब्बू, आपल्याकडे राजवाडा नाही, मग आपण काय लिहायचं?” तिच्या अम्मीने उत्तर दिले, “बेटा, अतियाने लंडनच्या वर्गाबद्दल, रस्त्यांबद्दल, जेवणाबद्दल लिहिलं. तू नंदुरबारच्या स्टेशनापासून सुरुवात कर.”

वाचकहो, मुलींना सहलीला न्याल तेव्हा पिशवीत मोबाइलच्या चार्जरबरोबर एक वही आणि पेनही ठेवा. घरी परतल्यावर त्यांनी लिहिलेले सगळ्यांसमोर वाचायला लावा, आणि आजी-आजोबांना ऐकायला बसवा.