विश्रांतीत गोठणारा संगणक

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगरात भर मे महिन्यात एखादा संगणक एकाएकी गोठला, तर पहिला संशय उन्हाळ्यावर जातो आणि दुसरा वीजपुरवठ्यावर. दोन्ही संशय रास्तच आहेत. परंतु उष्णतेचा बिघाड सामान्यतः यंत्र राबत असताना प्रकट होतो. याच्या अगदी उलट स्वरूपाचा एक बिघाड लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या काही संगणकांत आढळून आला. तासन्‌तास आकडेमोड करूनही हे यंत्र डगमगत नाही. मालक चहा घ्यायला उठला की मात्र ते थिजते. पडद्यावरील घड्याळ थांबते, कळफलकावरचा कॅप्स लॉकचा दिवा दाबूनही लागत नाही, आणि वीज तोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. पुन्हा सुरू केल्यावर नोंदवही पाहावी तर तीत काहीच सापडत नाही, कारण नोंद करणाराच आधी थांबलेला असतो.

याचे मूळ प्रोसेसरच्या विश्रांतीत आहे. काम नसताना आधुनिक प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी टप्प्याटप्प्याने निद्रिस्त होतो. या टप्प्यांना ‘सी-स्थिती’ म्हणतात. सी-० म्हणजे पूर्ण जागृती. सी-१ ही डुलकी: दुकानदार गल्ल्यावरच पेंगतो आहे, दिवा चालू आहे, गिऱ्हाईक आले की तत्क्षणी उठतो. सी-६ मध्ये तो माल आत ठेवून, मुख्य बटण बंद करून निजतो. प्रोसेसरचा गाभा आपली स्थिती जतन करतो आणि त्याचा विद्युत्‌दाब जवळजवळ शून्यावर आणला जातो. या गाढ झोपेतून जागे होताना कोठे जरा चुकामूक झाली, की सगळा कारभार ठप्प होतो.

२०१३ साली आलेल्या इंटेलच्या ‘बे ट्रेल’ कुळातील प्रोसेसरांत हे ठळकपणे दिसले. ॲटम, सेलेरॉन, पेंटियम अशा नावांनी ते स्वस्त लॅपटॉपांत आणि छोट्या संगणकांत बसवले गेले. म्हणजे फटका बसला तो प्रायः ज्यांना दुसरे यंत्र घेणे परवडणारे नव्हते त्यांना. लिनक्सच्या कर्नलमधील दोषांच्या अधिकृत नोंदवहीत डिसेंबर २०१५ मध्ये या दोषाची नोंद झाली. तिच्यातच उपायही होता: संगणक सुरू होतानाच कर्नलला आज्ञा द्यावी, की सी-१ च्या खाली जाऊ नकोस. सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही लिनक्सच्याच कर्नलवर उभी असल्याने तिलाही ही आज्ञा समजते. अर्थात हा उपाय फुकटचा नाही. ज्याला गाढ झोप वर्ज्य केली तो प्रोसेसर अधिक वीज खातो, आणि लॅपटॉपची बॅटरी लवकर उतरते.

मार्च २०१७ मध्ये एएमडीचे ‘रायझन’ प्रोसेसर बाजारात आले आणि तशाच तक्रारी पुन्हा उमटल्या. येथे दोन दुखणी एकात एक मिसळली गेली, ती वेगळी केली पाहिजेत. प्रोग्रॅम संकलित करण्याच्या अतिश्रमात काही आरंभीच्या रायझनवर प्रोग्रॅम कोसळत. तो भाग एएमडीने ग्राहकांना बदलून दिला. दुसरे दुखणे रिकामपणी गोठण्याचे. गाढ झोपेत विजेची मागणी इतकी घटते की काही जुन्या धाटणीचे पॉवर सप्लाय तेवढ्या अल्प प्रवाहावर स्थिर राहू शकत नाहीत. म्हणून अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ ही निवड आली; ती ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवल्याने पुष्कळ यंत्रे सुधारली. ज्यांनी त्याआधीच मदरबोर्ड किंवा मेमरी बदलण्यात पैसे घातले, त्यांचा खर्च वाया गेला.

तपासाचा क्रम म्हणूनच महत्त्वाचा आहे. प्रथम मेमरीची चाचणी रात्रभर चालू ठेवावी. मग गोठलेल्या यंत्राला दुसऱ्या संगणकावरून हाक देऊन पाहावी. उत्तर आले तर प्रोसेसर जागा आहे आणि दोष बहुधा पडद्याच्या बाजूचा. उत्तर नाही, आणि गोठणे वारंवार रिकामपणीच घडते, तर सी-स्थितीवर मर्यादा घालून पाहावी. एका वेळी एकच बदल करावा, हे सांगायला नकोच. पण उतावीळपणे तीन उपाय एकदम करणारेच अधिक भेटतात.

खरी परीक्षा पुढे आहे. बिघाड अनियमित असल्याने तो गेला हे ठरवायचे कसे? समजा, यंत्र सरासरी दिवसातून एकदा, पण कोणत्याही क्षणी, गोठते. काहीही न करता एखादा दिवस सुरळीत जाण्याचा संभव तरीही शेकडा सुमारे ३७ असतो. एका दिवसाच्या शांततेवर विसंबून ‘दुरुस्त झाला’ म्हणणारा माणूस तिनातून एकदा निव्वळ योगायोगालाच उपाय समजत असतो. सलग ५ दिवस सुरळीत जाण्याचा असा संभव मात्र शेकडा १ हूनही कमी आहे. आठवड्यातून एकदा गोठणाऱ्या यंत्रासाठी तेवढ्याच खात्रीला ५ आठवडे लागतात, आणि त्या काळात कामाची प्रत अन्यत्र ठेवत राहावे लागते.

पुढे कर्नलची किंवा बायोसची नवी आवृत्ती घातल्यावर जुनी मर्यादा काढून पाहणे योग्य. निर्मात्यांनी दोष मधल्या काळात निस्तरला असेल, तर ती आज्ञा केवळ वीज जाळत राहते. काढल्यानंतरची वाट पाहणे पुन्हा तितक्याच दिवसांचे.