जुन्या पिकअपमधील बालकाचे आसन

अमेरिकेत १९६७ ते १९७२ या काळात निघालेले शेव्हरोलेटचे सी-१० पिकअप आजही हौसेने जपले जातात. परंतु ज्या केबिनमध्ये सलग बाक, त्याच्या पाठीशीच पेट्रोलची टाकी आणि फार तर कमरेपुरता पट्टा एवढीच व्यवस्था, तीत बालकास बसवावयाचे तर प्रथम पट्ट्याच्या मुळाची कसून तपासणी करावी, कारण गंजलेल्या पत्र्यात कसलेला बोल्ट आघातसमयी पत्र्यासकट उपटून येतो. सबब, नवा पट्टा घालताना पत्र्याखाली रुंद, जाड पोलादी चकती देऊन भार विभागण्याची तजवीज अवश्य करावी. स्वतःचे पंचपदरी बंध असलेले बालकासन, त्याच्या माहितीपुस्तिकेत तशी मुभा असल्यास, कमरपट्ट्याने घट्ट आवळता येते. मात्र मुलाला केवळ उंच करणारी बैठक येथे सर्वथा वर्ज्य, कारण खांद्यावरचा पट्टाच नसल्याने धड पुढे फेकले जाऊन मस्तक डॅशबोर्डच्या पोलादावर आदळू शकते. एअरबॅगचा अभाव ही मात्र, विपरीत वाटले तरी, सोयच. तान्ह्याचे पाठमोरे आसन पुढच्या बाकावर ठेवण्यास त्यामुळे एअरबॅगच्या धोक्याची आडकाठी उरत नाही. पुढे तोंड करून बसवावयाच्या आसनाचा वरचा बंध अडकविण्यासाठी बाकामागे कडी ठोकताना टाकीस भोक पडण्याची भीती असते; टाकीच हौद्याखाली हलविणे खर्चाचे खरे, परंतु माझ्या मते अधिक शहाणपणाचे.