जुन्या खिडक्यांचे काचघर

१८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे तेथे लष्कराची छावणी वसली. बेळगावकर ज्याला ‘कॅम्प’ म्हणतात तो हाच भाग. रुंद रस्ते, जुनी झाडे, ऐसपैस आवारातील कौलारू बंगले आणि त्या बंगल्यांच्या काचेची तावदाने बसविलेल्या उंच खिडक्या, हे त्याचे रूप अनेकांच्या परिचयाचे आहे. एखादे जुने घर उतरविले, किंवा दुरुस्तीच्या वेळी अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसविल्या, की तेथील लाकडी खिडक्या जुन्या सामानाच्या दुकानात जाऊन पडतात. लाकूड चांगले असेल तर सुतार ते चिरून घेतो; नसेल तर ते बंबाखाली जाते. तावदाने बहुधा उतरवितानाच फुटतात.

अशा खिडक्यांचा ह्याहून चांगला उपयोग होऊ शकतो. आवारात थोडी मोकळी जागा असेल, तर पाच-सहा खिडक्या जोडून रोपे वाढविण्यासाठी छोटेसे काचघर उभारता येते. मात्र थंड देशांतील काचघराचा नमुना जसाच्या तसा उचलला, तर पहिल्याच एप्रिलमध्ये आतील रोपे होरपळून जातील. म्हणून आपल्याकडे काचघर कशासाठी हवे, ह्याचा विचार आधी केला पाहिजे.

युरोपात काचघर वाढले ते थंडीच्या धाकाने. हिवाळ्यात जेथे जमीन गोठते, तेथे उन्हाची ऊब कोंडून ठेवल्यावाचून कोवळे रोप जगत नाही. काचेचा दुसरा उपयोग लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड ह्या डॉक्टराच्या ध्यानात आला. १८२९च्या सुमारास झाकणबंद बाटलीतील ओल्या मातीत एक नेचा आपोआप उगवून तगला, असे त्याला दिसले. त्यावरून त्याने काचेच्या पेट्या बनविल्या आणि १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे जहाजाने ऑस्ट्रेलियास धाडली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून ह्याने चीनमधून हजारो चहाची रोपे हिंदुस्थानात आणली, ती ह्याच पेट्यांतून. खारा वारा आणि पाण्याचे फवारे यांपासून काच रोपाचे रक्षण करते, हा तो धडा होता. काचघर थाटामाटासाठीही असते. बेंगळुरूच्या लालबागेत १८८९ साली ज्याची पायाभरणी झाली, त्या काचमहालात आजही पुष्पप्रदर्शने भरतात.

काचघर आतून तापते ते कसे? उन्हातील प्रकाश काचेतून सहज आत शिरतो. माती, कुंड्या व पाने तो शोषून घेतात व तापतात. तापलेल्या वस्तू जी अदृश्य उष्णता बाहेर टाकतात, तिला काच अडविते. म्हणून आत ऊब साठते, असे पुस्तकांतून पुष्कळदा सांगितलेले असते. हे खरे असले तरी अपुरे आहे. १९०९ साली अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ह्याने दोन सारख्या पेट्या घेतल्या. एकीवर काच बसविली व दुसरीवर सैंधवाचा पारदर्शक तुकडा बसविला. सैंधवातून ती अदृश्य उष्णता निसटून जाते. तरीही, दोहोंवर काचेतून गाळलेले ऊन पडू दिले तेव्हा, त्या जवळजवळ सारख्याच, सुमारे ५५ अंशांपर्यंत तापल्या. ह्याचा अर्थ असा की काचघर तापते ते मुख्यतः कोंडलेल्या हवेमुळे. तापलेली हवा हलकी होऊन वर जाऊ पाहते. तिला वाट मिळत नाही आणि उष्णता आतच राहते.

आपल्या कामाचा मुद्दा ह्यातूनच निघतो. हवेला वाट दिली की काचघर थंडावते. नवी अखंड काच ही केवळ भिंत असते. जुनी खिडकी मात्र बिजागरीवर उघडते. जुन्या खिडकीचे खरे मोल तिच्या काचेइतकेच त्या बिजागरीत आहे.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. येथील थंडी रोपांना मारण्याइतकी कडक नसते. कोवळ्या रोपाचे खरे शत्रू तीन : पावसाचा मारा, मातीतील साचलेली ओल आणि वळवाच्या गारा. निपाणी भागात तंबाखूचा तरवा टाकणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको. तंबाखूचे बी खसखशीहूनही बारीक असते. उगवते वेळी मोठी सर आली तर ते वाहून जाते, आणि सतत ओल राहिली तर कोवळी रोपे जमिनीलगत कुजून माना टाकतात. मिरची, वांगी, टोमॅटो, कोबी ह्यांच्या रोपांचीही तीच गत होते. तेव्हा आपल्याकडील काचघराने वरून पाऊस अडवावा आणि बाजूने वारा खेळू द्यावा. छप्पर पक्के व भिंती उघडणाऱ्या, असा त्याचा थोडक्यात आराखडा होय.

खिडक्या निवडताना प्रथम लाकूड पाहावे. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत चाकूचे टोक रुतवून बघावे. ते सहज आत गेले तर लाकूड कुजले आहे असे समजावे. वाळवीच्या खुणा असलेली खिडकी घरी आणू नये. सागवान असेल तर उत्तम. सैल झालेली लांबी खरवडून काढून खडूची पूड व जवसाचे तेल मळून केलेली नवी लांबी भरली, की तावदाने पुन्हा घट्ट बसतात.

रंगाविषयी मात्र विशेष सावध राहिले पाहिजे. जुन्या तेलरंगात शिसे असण्याचा संभव फार मोठा. शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा आपल्याकडील नियम २०१६ सालचा आहे. कॅम्पमधील जुन्या खिडक्या त्याच्या कितीतरी आधीच्या. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. म्हणून असा रंग कोरडा घासू नये व जाळूही नये. लाकूड ओले करून, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधून, मुलांना दूर ठेवून तो काढावा आणि निघालेले पोपडे गोळा करावेत. ते मातीत पडू देऊ नयेत, कारण त्याच मातीत पुढे भाजीचे रोप वाढावयाचे आहे.

खिडक्या मिळाल्यावर मगच आराखडा करावा. आधी मापे ठरवून त्या मापाच्या खिडक्या शोधत बसले, तर काम कधीच पुरे होणार नाही. समजा, अडीच फूट रुंद व चार फूट उंच अशा खिडक्या मिळाल्या. तीन खिडक्यांचे साडेसात फूट आणि त्यांच्या कडेच्या तीन-तीन इंची चार खांबांचा एक फूट मिळून दर्शनी बाजू साडेआठ फूट होते. आखूड बाजूंपैकी एकीत एक खिडकी व एक दार, दुसरीत दोन खिडक्या बसविल्या, की रुंदी पावणेसहा फुटांच्या आसपास येते. जमीन झाली सुमारे ४९ चौरस फूट.

जागा घराच्या पूर्वेकडील भिंतीलगत असावी. बेळगावला पावसाळी वारा पश्चिमेकडून व नैऋत्येकडून येतो. घराची भिंत तो अडविते आणि दुपारचे कडक ऊनही थोपविते. रोपांना सकाळचे कोवळे ऊन मिळते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दोन खिडक्यांची बाजू दक्षिणेस घ्यावी व दार उत्तरेस ठेवावे.

खाली जांभ्या दगडाचा दोन फूट उंच कट्टा बांधावा. म्हणजे खिडक्यांचे लाकूड ओल्या जमिनीला लागत नाही. तीन मिलिमीटर जाडीच्या दहा चौरस फूट काचेचे वजनच सुमारे सात किलो भरते. चौकटीचा भार वेगळा. तेव्हा खांब भक्कम हवेत. छपराला मात्र जुनी काच वापरू नये. डोक्यावरची काच गारेने किंवा नारळाच्या झावळीने फुटली तर प्राणावर बेतेल. तेथे पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा पत्रा घालावा. भिंतीकडे पावणेआठ फूट व पुढे सव्वासहा फूट उंची ठेवली, की पाणी वाहून जाण्यास पुरेसा उतार मिळतो. छपराची कड खिडक्यांच्या पुढे फूटभर काढावी, म्हणजे भर पावसातही त्या उघड्या ठेवता येतात. कडेला पन्हळ लावल्यास दर १०० मिलिमीटर पावसामागे सुमारे ४५० लिटर पाणी पिंपात साठविता येते.

जमिनीच्या क्षेत्राच्या निदान पाचवा हिस्सा उघडता यावा, असा काचघराचा सर्वसाधारण नियम आहे. येथे तो हिशेब एका खिडकीतच पुरा होतो. परंतु आपल्या हवेला तेवढे पुरणार नाही. पुढच्या तिन्ही खिडक्या बाहेरच्या बाजूस उघडल्या पाहिजेत. शिवाय उत्तर व दक्षिण बाजूंस छपराखाली एकेक झरोका ठेवावा. खालून गार हवा आत येते आणि वरून तापलेली निघून जाते. जुन्या घरांच्या दारांवरील काचेचे झरोके ह्या कामी अगदी योग्य होत. मार्च ते मे छपरावर सावलीची जाळी पसरावी. ह्या दिवसांत खिडक्या बंद करून घरच्यांनी गावाला जाणे म्हणजे रोपे भट्टीत ठेवण्यासारखे आहे.

पाणी सकाळी घालावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात. लागवडीपूर्वी आठ-दहा दिवस रोपे रोज थोडा अधिक वेळ बाहेर ठेवावी. आत लाडावलेले रोप एकदम उन्हात नेले तर टिकत नाही. जूनमध्ये मिरची-वांग्याचा तरवा, सप्टेंबरमध्ये कोबी व फुलकोबी, हिवाळ्यात कलमे, असा वर्षभराचा क्रम त्यात बसतो. कॅम्पच्या हद्दीत पक्के बांधकाम करण्यापूर्वी परवानगीची चौकशी करावी.

एक पथ्य शेवटी सांगितले पाहिजे. काचघराच्या हौसेपायी जाग्यावर धडधाकट असलेली जुनी खिडकी कोणी उपटू नये. सुताराच्या एका दिवसाच्या कामाने ती घरातच आणखी कित्येक वर्षे टिकेल. जी खिडकी घरातून निघालीच आहे आणि बंबाची वाट धरून आहे, तिच्यासाठीच हा खटाटोप. तिची काच पाऊस अडवील, तिची बिजागरी वारा आत घेईल, आणि जुलैच्या झडीतही शंभर-दोनशे रोपे तिच्या आडोशाने सुखरूप उभी राहतील.