पियानोची जन्मपत्रिका
पुण्याच्या लष्कर भागात आमच्या एका स्नेह्यांकडे जुना उभा पियानो आहे. ‘१८१७ साली संगमावरची रेसिडेन्सी जळाली, तिच्यातून वाचलेला,’ असे त्यांच्या मातोश्री दर दिवाळीला फराळाबरोबर सांगतात.

झाकणावरच्या सोनेरी नावावर विसंबू नये. ते पुष्कळदा विकणाऱ्या दुकानाचे असते. खरी जन्मपत्रिका आत! कारखान्याचा अनुक्रमांक मिळाला, की साल बहुधा काढता येते. वरची फळी उचलून आम्ही विजेरी धरली. क्रमांक पुसट, पण बिडाच्या चौकटीवर ठसठशीत अक्षरे – ‘मेड इन जर्मनी’. हे शब्द जर्मन मालावर सर्रास येऊ लागले ते १८८७ च्या ब्रिटिश कायद्यानंतर. म्हणजे रेसिडेन्सीनंतर सुमारे सत्तर वर्षांनी!

‘काय निघालं रे?’ आतून आवाज आला.

‘जुना आहे, आई. फार जुना,’ म्हणत स्नेह्यांनी फळी बसवली.